मोकलबाईंची पावसाळी परिषद

मोकलबाई आपल्या परिषदेत पाहुण्यांना शाल देत नसत. शाल-श्रीफळाऐवजी त्या पाहुण्याच्या हातात पेणच्या पोह्यांची पिशवी ठेवत. एका विद्यापीठातून आलेल्या प्रमुख पाहुण्यांना ती कुठे ठेवावी हे कळेना, म्हणून त्यांनी भाषण संपेपर्यंत ती काखेत धरून ठेवली होती. बाईंना मी त्याबद्दल विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "आपल्याकडे शाल पांघरायला थंडी कुठाय? पोहे नेले तर घरी बायको निदान विचारील तरी, कुठे गेला होतात म्हणून. मग त्यांना सांगावं लागेल, परिषदेत काय झालं ते."

यमुना मोकल पेणच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत. कॉलेजात त्या मॅडम, बाजारात मोकलबाई आणि खाडीकाठच्या त्यांच्या गावात यमुनाबाय. मी त्या काळात एका दैनिकाचा पेण-रोह्याचा वार्ताहर होतो. परिषदांना हजर राहणे हा कामाचा भाग होता. माणूस दुसरी भाषा कशी शिकतो आणि थोड्या लोकांच्या बोलींचे शाळेत काय होते, हा बाईंचा कायमचा विषय. संपादकांना तो रुक्ष वाटे. बातमी आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात जाई. बाईंनी तक्रार केली नाही. एकदाच म्हणाल्या, "तुमच्या पेपरात भजन स्पर्धेला आमच्यापेक्षा जास्त जागा असते. बरोबर आहे. त्यांचं लोकांना समजतं."

उंची बेताची, आवाज मोठा. मिठागराच्या बांधावरून पलीकडच्या बांधावर हाक पोचवायची सवय असलेल्या घरातला तो आवाज होता आणि बंद वर्गात तो जरा जास्तच होई. शेजारच्या वर्गातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणत की आपल्या विद्यार्थ्यांना मराठी साहित्यही थोडेफार येते, ते त्यामुळे.

मराठीच्या प्राध्यापक असून त्या कोणाचे बोलणे दुरुस्त करत नसत. खाडीपट्ट्यातली आगरी मुले "पानी", "शाला" म्हणत. कॉलेजातले इतर शिक्षक तिथल्या तिथे टोकत. बाई विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊन पुढे जात. एकदा विभागाच्या बैठकीत यावरून बोलणे निघाले.

"मॅडम, आपणच सोडून दिलं तर ही मुलं शुद्ध कधी बोलणार?" एका सहकाऱ्याने विचारले.

"लिहिताना शुद्ध लिहितात ना? मी तपासते, सांगते. पण तो पानी म्हणाला म्हणून त्याची तहान खोटी ठरते का, सर?"

बैठक पुढे चहावर गेली.

या सवयीचे मूळ त्यांच्या शाळेत होते. ती हकीकत त्या दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगत आणि सांगताना दरवर्षी तिच्यात थोडी भर पडे. खात्रीने सांगता येईल ते असे. वडील मिठागरावर काम करत, पावसाळ्यात भातशेती. यमुना गावची शाळा संपवून पेणला पाचवीत आली आणि वर्गात गप्प झाली. गुरुजी बोलत ती मराठी तिला समजे. पण तोंड उघडले की वर्ग हसे. वर्ष संपत आले तेव्हा गुरुजींनी वडिलांना बोलावून घेतले आणि मुलगी मुकी आहे की काय, डॉक्टरला दाखवा, असे सांगितले.

वडील म्हणाले, "मुकी? ही? गुरुजी, एक रोज आमचे घरा येवा. हिचं त्वांड बंद करून दावा, तुमाला जिताडा देतो."

जिताडा हा खाडीतला मानाचा मासा. गुरुजी घरी गेले की नाही, याबद्दल बाईंच्या दोन आवृत्त्या होत्या. एकीत ते गेले आणि हरले. दुसरीत गेले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून यमुनेला फळ्यावर लिहायला उभे करू लागले, कारण लिहिताना कोणी हसत नाही. मला दुसरी खरी वाटते.

पहिली परिषद त्यांनी पेणला जानेवारीत भरवली. कॉलेजातल्या परिषदा जानेवारीतच भरतात. परीक्षा लांब असतात, हवा चांगली असते, बाहेरचे लोक यायला तयार असतात. विषय होता कातकरी मुले आणि शाळेतली मराठी. कातकऱ्यांच्या घरात मराठी नसते, त्यांची स्वतःची बोली असते. बाईंचे म्हणणे सरळ होते. "या पोरांना मराठी ही दुसरी भाषा आहे. आपण ती पहिली समजून शिकवतो आणि मग पोरगं मठ्ठ आहे म्हणतो."

पुण्या-मुंबईहून अभ्यासक आले. निबंध चांगले झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यांना रोहा तालुक्यातल्या एका कातकरवाडीवर न्यायचे ठरले होते, प्रत्यक्ष बोली ऐकायला. एसटीची बस ठरवली होती. मी बसमध्ये होतो. वरसे गाव मागे टाकून बस डोंगराच्या बाजूला लागली, रस्ता संपला तिथे थांबली. पाहुणे टेपरेकॉर्डर घेऊन चढ चढले.

वाडीत कोणी नव्हते. घरांच्या दारांना तारा बांधलेल्या होत्या. एका ओट्यावर एक म्हातारा बसला होता आणि त्याच्या पायाशी दोन कोंबड्या.

"माणसं कुठं गेली, बाबा?" बाईंनी विचारले.

"भट्टीवं."

"सगळी?"

"दिवाळी झाली का जातात. पावसाच्या तोंडाला येतात." म्हाताऱ्याने पाहुण्यांवरून नजर फिरवली. "तुमी कंच्या कामाला आलाव?"

 कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात हे रायगड जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? बाईंना ठाऊक होते, मला होते, बसच्या ड्रायव्हरला होते. परिषदेची तारीख ठरवताना ते कोणाच्याच डोक्यात आले नाही. तारीख कॉलेजच्या वेळापत्रकावरून ठरली होती. एका अभ्यासकाने म्हाताऱ्याचे थोडे बोलणे टेप केले. त्यात कोंबड्यांचा आवाज जास्त होता.

परतीच्या बसमध्ये बाई पहिल्या सीटवर एकट्या बसल्या. पेणच्या स्टँडवर उतरताना मला म्हणाल्या, "छापा हे. माझ्या नावासकट छापा." मी छापले. तेवढी एक बातमी पहिल्या पानावर गेली.

त्यानंतर बाईंची परिषद श्रावणात भरू लागली. लावणी उरकलेली असते, वाडीवर माणसे असतात. प्राचार्यांनी हरकत घेतली: पावसात बाहेरून कोण येणार? शिवाय कॉलेजच्या सभागृहाचे छप्पर गळत होते. बाईंनी एक मंगल कार्यालय गाठले. श्रावणात लग्ने नसतात, तेव्हा ते रिकामे असेल असा त्यांचा हिशेब होता, तोही चुकला. पेणमध्ये श्रावणात कोणतीही छप्पर असलेली जागा रिकामी नसते. गणपती जवळ आलेले असतात आणि मूर्ती सुकायला जागा लागते.

"अर्धा हॉल देतो, बाई," मालक म्हणाले. "अर्ध्यात मूर्ती हायेत. त्यांना धक्का लागला तर मला तोंड दाखवू नका."

दुसरी परिषद अशी भरली. डाव्या बाजूला खुर्च्या, उजव्या बाजूला भिंतीपर्यंत रंग न लावलेले पांढरे गणपती. मधे दोरी. कारागीर अधूनमधून येऊन मूर्ती फिरवत, तेव्हा वक्ता थांबे. पाऊस इतका होता की दुपारी वीज गेली आणि माईक बंद पडला. बाईंना त्याचा फरक पडला नाही.

याच परिषदेत त्यांनी एक नियम सुरू केला. निबंध वाचणाऱ्याने आधी थोडा वेळ आपल्या घरच्या बोलीत बोलायचे, भाषांतर न करता. कोणाला समजो न समजो. ज्यांच्या घरी प्रमाण मराठीच आहे त्यांनी आजीची आठवण काढायची. काही पाहुणे नाराज झाले. पुण्याचे एक प्राध्यापक, व्याकरणावरचे मोठे नाव आणि स्वभावाने कडक, उठून उभे राहिले. त्यांच्या घरी तुळू बोलतात, हे त्यांच्या सोबतच्या विद्यार्थ्यांनाही माहीत नव्हते. ते तुळूत बोलू लागले. आवाज बदलला, हात हलू लागले, मधेच ते स्वतःशीच हसले. हॉलमध्ये कोणाला एक अक्षर कळले नाही आणि कोणी हललेही नाही. दोरीपलीकडचा कारागीर ब्रश हातात धरून ऐकत उभा राहिला. बोलून झाल्यावर प्राध्यापक म्हणाले, "माफ करा, जरा लांबलं," आणि निबंध न वाचता खाली बसले. तो निबंध त्यांनी नंतर टपालाने पाठवला.

सुनंदा पवार मला पहिल्यांदा तिथेच दिसली. त्याच वाडीवरची, दहावी झालेली, विशीच्या आतबाहेरची कातकरी मुलगी. बाईंनी तिला बोलायला बोलावले होते. ती आधी आपल्या बोलीत बोलली. मागच्या खुर्च्यांवर वाडीवरच्या चार बायका बसल्या होत्या, त्या खो खो हसल्या. मग ती मराठीत म्हणाली, "मी सांगितलं, की ह्या बाई मागच्या टायमाला आमच्या बोलीचं काय ते ऐकायला आल्या आन आमी तिकडं विटा थापत व्हतो. आमच्या कोंबड्यांचं बोलनं घेऊन गेल्या."

सर्वांत मोठ्याने बाई हसल्या. परिषद संपल्यावर त्यांनी सुनंदाला विचारले, "वाडीवर वर्ग घेशील?"

"कसला?"

"तुझ्या बोलीतला. पोरं शाळेत येतात तेव्हा आधी तुझ्या बोलीत गोष्टी, मोजणं, नावं. मराठी हळूहळू. दुसऱ्या वर्षी अर्धी अर्धी."

"मना कोन शिकवनार शिकवाया?"

"मी."

"तुमाला आमची बोली कुठं येते?"

"नाही येत. तू मला शिकव."

सुनंदाने त्यांच्याकडे नीट पाहिले. "बाई, तुमचा आवाज लय मोठा हाय. पोरं भियाची."

वर्ग त्या वाडीच्या शाळेतच, एका बाजूच्या खोलीत सुरू झाला. शिक्षण खात्याची परवानगी तात्पुरती होती. प्रयोग म्हणून काही काळ चालवा, मग समिती येऊन पाहील आणि चालू ठेवायचा की बंद करायचा ते ठरवील, असे त्या परवानगीत होते. बाईंनी कॉलेजातले बाकीचे सगळे हळूहळू बाजूला ठेवले. विभागप्रमुख व्हायची वेळ आली तेव्हा नकार दिला. लेख लिहिणे थांबवले. शनिवारी पेणहून रोह्याला जाणे, तिथून सहाआसनी रिक्षा, मग चढ. वर्गात त्या मागे भिंतीला टेकून बसत. बोलत नसत. कोणी बोलायला लावले तर सुनंदा दटावे, "बाई, हलू."

पहिले काही महिने मुले सुनंदाशी भरभरून बोलत आणि मराठीत एक शब्द काढत नसत. शाळेचे मुख्याध्यापक ठाकूर गुरुजी काळजीत पडले. ते मनाने चांगले होते. वाडीवरच्या मुलांना स्वतःच्या पैशाने पाट्या आणून देणारा माणूस.

"बाई, ही मराठी बोलणार कधी? समिती येईल, विचारील."

"ऐकतायत ती, गुरुजी. समजतंय त्यांना. तुम्ही म्हटलं दार लाव, तर लावतात की नाही?"

"लावतात. पण बोलत नाय."

"बोलतील. आधी कान भरू द्या."

पुढच्या पावसाळ्यातली परिषद बाईंनी रोह्याला भरवली. समितीने त्याच सुमारास यायचे कळवले. म्हणजे सकाळी परिषद आणि दुपारी वाडीवर वर्गाची पाहणी. बाईंची सगळी भिस्त त्या दुपारवर होती. परिषदेत त्या नेहमीसारख्या नव्हत्या. अध्यक्षांना पोहे द्यायला विसरल्या, ते शेवटी मी नेऊन दिले.

ठाकूर गुरुजींनी मात्र तयारी केली होती. बाईंना न सांगता, त्यांचे ओझे हलके करावे म्हणून, त्यांनी आधीचा आठवडाभर मुलांकडून एक स्वागतगीत आणि प्रश्नांची उत्तरे पाठ करून घेतली होती. सुनंदाने त्यांना अडवून पाहिले होते, पण पाहुणे येणार आणि शाळेत स्वागतगीत नाही, हे गुरुजींच्या कल्पनेपलीकडचे होते.

समिती चढ चढून आली. मुले ओळीने उभी राहिली आणि त्यांनी शुद्ध मराठीत, हातवारे करून, गाणे म्हटले. एकही चूक नाही. मग गुरुजींनी विचारायचे आणि मुलांनी उत्तर द्यायचे. तुझे नाव काय? माझे नाव अमुक. तुझे गाव कोणते? तुला काय आवडते? मला शाळा आवडते.

समितीचे अध्यक्ष खूश झाले. निवृत्त अधिकारी, सभ्य गृहस्थ. ते बाईंकडे वळले. "उत्तम मराठी बोलतात की. अभिनंदन. मग आता या वेगळ्या वर्गाची गरज उरली नाही, असं म्हणायला हरकत नाही. सरळ पहिलीत बसवता येईल."

बाईंचा चेहरा उतरला. गुरुजींना आपण काय केले ते त्या क्षणी कळले. टोपी काढून ते ती हातात फिरवू लागले.

बाई काहीतरी बोलणार, तेवढ्यात अध्यक्षांनीच एका लहान मुलीजवळ वाकून विचारले, "तुझी आई काय करते, बाळ?"

"माझी आई स्वयंपाक करते," मुलगी खणखणीत म्हणाली.

तिची आई दारात उभी होती. डोक्यावर पावसाची प्लास्टिकची घोंगडी, हातात विळा. ती रानातून सरळ आली होती. हीच तिची आई, असे अध्यक्षांना कोणीतरी सांगितले. ते हसले आणि पुन्हा वाकले. "आणि आत्ता कुठून आली ती?"

मुलगी गप्प. हे पाठात नव्हते. तिने गुरुजींकडे पाहिले, मग जमिनीकडे. बाकीची ओळही गप्प झाली. अध्यक्षांनी आणखी दोघांना विचारले, साधेच, पावसाचे वगैरे. कोणी बोलेना. मघाची पाठ केलेली सगळी मराठी खोलीतून निघून गेली होती.

"बघा," समितीतल्या एक बाई हलकेच म्हणाल्या, "याला काय म्हणायचं?"

 मोकलबाई सुनंदाकडे बघत होत्या. सुनंदा पुढे आली, मुलीसमोर उकिडवी बसली आणि अध्यक्षांचाच प्रश्न तिला तिच्या बोलीत विचारला.

मुलगी बोलू लागली. आई रानात गेली होती, कुठल्या बाजूने, तिथे काय उगवले आहे, कुठले खायचे, कुठल्याने घसा खाजतो, साप निघाला तेव्हा आई काय ओरडली. सुनंदा वाक्यावाक्याला मराठीत सांगत होती. मग ओळीतल्या इतर मुलांनी तिला दुरुस्त करायला सुरुवात केली, कारण सापाबद्दल सगळ्यांची मते वेगळी होती. दारातल्या आईनेही आपले म्हणणे मांडले. दुपारभर तो विषय संपला नाही. एक मुलगा मधेच अध्यक्षांना मराठीत म्हणाला, "मोठा व्हता. एवढा." आणि हात पसरले.

ते तीन शब्द त्याला कोणी पाठ करून दिले नव्हते. मोकलबाईंनी माझ्या दंडाला धरले, जोरात. 

समितीने वर्ग चालू ठेवायची शिफारस केली, पण एका अटीवर. वर्ग वर्षभर चालला पाहिजे. हिवाळ्यात मुलेच नसतील तर वर्ग कोणाचा? अट रास्त होती. दिवाळीनंतर वाडी रिकामी होते, हे समितीला बाईंनीच सांगितले होते. आता ते त्यांच्याच गळ्यात पडले.

त्या संध्याकाळी रोह्याच्या स्टेशनाबाहेर चहा घेताना ठाकूर गुरुजी बाईंसमोर मान खाली घालून बसले होते. बाईंनी त्यांच्यापुढे बशी सरकवली. "गाणं चांगलं बसवलं होतंत, गुरुजी. पुढच्या वर्षी मुलांना अर्थ समजेल, तेव्हा परत म्हणू."

"पुढच्या वर्षी वर्ग राहील का पण?"

"आता वर्गालाच भट्टीवर जावं लागेल."

सुनंदा म्हणाली, "आमी दर वर्साला जातो, बाई. तुमाला झेपल का तेवढं बगा."

दिवाळीनंतर वर्ग भट्टीवर गेला. पेण आणि कासूच्या दरम्यान, रेल्वेमार्गाच्या बाजूला, वाडीवरची बरीच कुटुंबे एकाच भट्टीवर असत. भट्टीच्या मालकाला पटवायला बाई तीनदा गेल्या. मुले वर्गात बसली तर मुकादमाला लहान पोरांना विटांमधून हाकलावे लागणार नाही, हा मुद्दा त्याला पटला. चार बांबू आणि वर ताडपत्री. फळा रोह्याहून आणला. धुराने बाईंना खोकला लागे, डॉक्टरांनी जाऊ नका म्हटले, तरी त्या जात. निवृत्त झाल्यावर आठवड्यातून चार दिवस जाऊ लागल्या. माझी बदली दरम्यान अलिबागला झाली होती. बातमी म्हणून त्या वर्गाकडे जाण्याचे कारण उरले नाही. परिषदांची निमंत्रणे येत. त्यांत आता सुनंदाचे नाव आयोजकांमध्ये असे आणि बाईंचे सगळ्यात खाली, मार्गदर्शक म्हणून.

बाईंना मी शेवटचे पाहिले ते कोलाड नाक्यावर. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. महामार्गाच्या एका बातमीसाठी मी गेलो होतो आणि वडापावच्या गाडीसमोरच्या बाकावर बसलो होतो. एक ट्रक येऊन थांबला. भट्टीवरची कुटुंबे परत निघाली होती. मागे गाठोडी, हंडे, बांधलेल्या कोंबड्या, दोन कुत्री आणि बाया-पोरे. गाठोड्यांवर आडवा टाकून काळ्या दोरीने आवळलेला फळा होता. सुनंदा त्याच्या कडेला हात धरून बसली होती. मला ओळखून तिने मान हलवली आणि ड्रायव्हरच्या केबिनकडे बोट केले.

केबिनमध्ये मोकलबाई झोपल्या होत्या. डोके काचेला टेकले होते, चष्मा नाकावर खाली आला होता, तोंड उघडे. चेहऱ्यावर विटांची लाल धूळ. खूप बारीक झाल्या होत्या.

ट्रकमधून एक मुलगी उतरून गाडीपाशी आली. सातएक वर्षांची असावी.

"काका, पाच वडापाव द्या."

गाडीवाल्याने तेलातून वडे काढले आणि पावात लाल चटणी भरायला घेतली.

"चटणी नको ओ! त्यातले दोन बिनचटणीचे. भाऊ लहान हाय, रडतो मग." गाडीवाला तिच्याकडे बघू लागला, तशी ती म्हणाली, "आणि ते पहिले काढलेले नकोत. गार झाले. हे द्या, आत्ताचे."

"मोठी शहाणी हायस गो," गाडीवाला म्हणाला. "कुठली तू?"

तिने वाडीचे नाव सांगितले. मग मागे वळून ट्रकमधल्या कोणाला तरी आपल्या बोलीत ओरडून काही विचारले, तिकडून उत्तर आले, आणि ती पुन्हा गाडीवाल्याकडे वळली. "सहा द्या. बाईंना एक. त्यांना चटणी चालते."

मी केबिनच्या दारापर्यंत गेलो. हाक मारावी असे वाटले. सुनंदाने वरून मान हलवली.

"झोपू द्या, भाऊ. कालपासून बांधाबांध चाललीय त्यांची."

मुलगी कागदात बांधलेले वडापाव घेऊन आली, पायरीवर चढली आणि एक पुडी बाईंच्या मांडीवर हळूच ठेवली. बाई हलल्या नाहीत. कोणीतरी मुलीला वर ओढून घेतले. ड्रायव्हर चहा संपवून आला, ट्रक सुरू झाला, नाक्यावर वळला आणि रोह्याच्या रस्त्याला लागला.